स्टेडियमचा ठराव पडला त्यानंतर

प्रिय धाकट्या,

दोनदा फोन केला, उचलला नाहीस. म्हणून लिहायला बसले. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, पण त्याहून जास्त ती स्वतः कुरकुरते. तुझ्या खेळांच्या सामानाच्या दुकानाला कुलूप पाहून शेजारचा शिंपी मला रोज विचारतो, भाऊ कधी येणार? मी सांगते, राग उतरला की.

स्टेडियमसाठी तू किती राबलास ते मी पाहिलंय. खड्ड्याखड्ड्यांच्या मैदानावर अडथळ्यांची शर्यत धावून तुझे गुडघे कायम सोललेले असायचे. चांगल्या धावपट्टीचं वेड तेव्हापासूनचं. नगरपालिकेने सगळ्या गावाचं मत घ्यायचं ठरवलं आणि प्रचाराची धुरा तुझ्याकडे आली. पत्रकावर ठळक छापलं होतं, ‘मैदान सर्वांसाठी रोज खुलं राहील.’ ते तू घरोघर वाटलंस. मग सहज म्हणून बांधकाम कंपनीच्या माणसाला विचारलंस, तर तो हसला. रोज कसं, आठवड्यातून एक सकाळ. एरवी तिकिटाचे सामने.

शेवटच्या सभेत मी मागच्या रांगेत होते. तुझे कान लाल झाले होते. म्हणालास, “पत्रकातलं ते वाक्य खोटं आहे. वाटताना मला माहीत नव्हतं, आता आहे. स्टेडियम मला अजूनही हवंय, पण खरं ऐकून मत द्या.” तुझ्याच एका मित्राने माईकची वायर उपटली. तू तेच पुन्हा, मोठ्या आवाजात सांगितलंस. बाबा असते तर घरी जाताना तुझ्या खांद्यावर हात ठेवून चालले असते.

ठराव पडला. मित्र तुला घरभेदी म्हणाले आणि तू गाव सोडलंस. पुढचं तुला ठाऊक नाही. आता नगरपालिकेचा नियम झालाय: स्टेडियम असो की नाट्यगृह, प्रचारातला प्रत्येक दावा आधी समिती तपासणार, खोटा निघाला तर ज्याने छापला त्यानेच तो चारचौघांत मागे घ्यायचा. काल डॉक्टरीणबाई शाळेत मला शोधत आल्या, तुझ्याविरुद्ध प्रचार करणाऱ्या त्याच. समितीवर तू हवास म्हणाल्या. आमच्याही थापा पकडेल असा माणूस पाहिजे, म्हणाल्या.

तू म्हणशील, ज्यांनी मला पाडलं त्यांच्यासाठी कशाला येऊ? त्याच्या उत्तरासाठीच हे पत्र. पत्रक वाचून मी होकाराचं मत देणार होते. सभेत तुझं ऐकलं आणि विरोधात दिलं. शाळेतल्या ज्या मुलींना मी शिकवते त्या रोज त्याच मैदानावर धावतात. एका सकाळवर त्यांचं कसं भागणार? तू म्हणालास म्हणजे ते खरंच असणार, एवढाच विचार केला. बऱ्याच जणांनी तेच केलं रे. लोकांनी तुला नाकारलं नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. डॉक्टरीणबाईंना मी अजून काही कळवलेलं नाही. तुझा होकार तूच येऊन सांग.

तुझीच,
ताई