चन्नवीरचं हसू

सोलापूर,
मंगळवार, ता. २४ नोव्हेंबर १९३६

प्रिय पंचाक्षरी,

तुझ्या वैशाखातल्या पत्राला आज उत्तर देतो आहे. सहा महिने झाले. कामाचा ताप होता, आमच्या हिला, रत्नम्माला, हिवताप होता, अशी कारणं सांगता येतील आणि ती खोटीही नाहीत. पण त्यांच्यामुळे पत्र अडलं नव्हतं. माझ्या रोजनिशीत आषाढापासून जवळजवळ रोज 'पंचाक्षरीला पत्र' असं लिहिलेलं आहे, आणि रोज ते दुसऱ्या दिवसावर ढकललेलं आहे. क्षमा मागतो. हे पत्र एकट्यानं वाच, आणि वाचून झाल्यावर तुझ्या आईंना, अव्वांना, वाचून दाखव. गाळू काही नकोस, माझ्याबद्दलचं तर मुळीच नको.

आमचा कारखाना तू एकदाच पाहिलास, तेही बाहेरून. संस्थानाच्या डोंगरातला मँगनीजचा काळा दगड छोट्या रुळांच्या गाडीनं होटगीपर्यंत येतो. तिथं बायका तो पाट्यांनी मोठ्या वाघिणींत भरतात. मोठे धोंडे सरळ मुंबई बंदरावर जातात, पोलादाच्या भट्ट्यांसाठी. मऊ, हाताला काळं लावणारा दगड मात्र आमच्याकडे उतरतो. तो दळायचा, चाळायचा, पोत्यांत भरायचा आणि हँबुर्गला पाठवायचा. खिशातल्या बॅटरीत जो मसाला असतो त्यात ही बुकणी लागते. त्या संस्थानात पाऊस नाही, पीक नाही, पण दसऱ्याच्या दरबारात वर्षभरात किती जहाजं माल गेला ते वाचून दाखवतात आणि आकडा वाढला की टाळ्या पडतात. दोन वर्षांपूर्वी मीही त्या दरबारात बसून टाळ्या वाजवल्या. आमची बुकणी सगळ्यांत बारीक असते असा माझा लौकिक होता. ती बारीक राहावी म्हणून दळणाच्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवायला मीच सांगितलं होतं. वाऱ्यानं माल उडतो ना.

तुझा धाकटा भाऊ चन्नवीर त्या खोलीवर मी मागून घेतला, हे तुला आठवत असेल. तू त्याला उसाच्या कामाला लावणार होतास. मी म्हटलं, भरवशाचा माणूस हवा आहे, घरचाच पोर आहे, दे. दीड वर्ष त्यानं एक खाडा केला नाही. मग गेल्या माघापासून तो बदलला. आवाज खाली गेला. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागू लागला. चालताना टाचा टेकेनात, चवड्यावर चालायचा, आणि कुणी मागून हाक मारली की वळता वळता पडायचा. आणि हसायचा. कारण नसताना, मध्येच, थांबता न येणारं हसू. वाघिणीवरचा तात्याबा धनगर ओरडायचा, "आरं बगा की, कोंबडा आला! चन्नाप्पा, सकाळच्या पारीच लई चढली व्हय? आमालाबी सांगा कुटं मिळती!" सगळे हसत. चन्नवीरही हसे. मी खिडकीतून पाहत होतो. मॅनेजरसाहेबांनी त्याला काढण्याचं कारण विचारलं तेव्हा मी लिहून दिलं, 'मद्यपान करून कामावर येतो.' तोंडाला वास कधी आला का, हे मी पाहिलं नाही. मी, जो दगडाच्या एका नमुन्याची तीन-तीनदा परीक्षा घेतो. आणि त्याच दिवशी तुला पत्र टाकलं की पोरगा बिघडला आहे, घरी नेऊन धाक दे.

तू दिलास. तुझं वैशाखातलं पत्र माझ्यापुढे आहे. तू लिहिलं आहेस की मठातल्या अय्यांना घरी बोलावलं, चार भावकीतले बसवले, चन्नवीरला डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन शपथ घ्यायला सांगितलं. त्यानं लिंग हातावर घेतलं आणि तो हसला. हात थरथरून लिंग खाली पडता पडता राहिलं, आणि तरीही तो हसत होता. अव्वांनी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, हा माझ्यापुरता मेला. दुसऱ्या दिवशी तू त्याला घराबाहेर काढलंस. त्या पत्राखाली तू लिहिलंस, 'तू वेळेवर सांगितलंस हे उपकार झाले.' ती ओळ मी किती वेळा वाचली असेल.

आषाढात हँबुर्गच्या व्यापाऱ्यांनी मालाच्या कसाबद्दल लिहिलं, सोबत एक इंग्रजी मासिक पाठवलं. कसावरचा लेख वाचून झाल्यावर सवयीनं पुढची पानंही चाळली. शेवटी एका डॉक्टरचं टिपण होतं. हाच दगड दळणाऱ्या मजुरांबद्दल. चेहरा लाकडासारखा होतो, आवाज बसतो, माणूस चवड्यावर चालतो, मागे वळताना पडतो, आणि मनात काही नसताना हसतो किंवा रडतो. बुकणी श्वासावाटे आत जाते आणि मेंदूपर्यंत पोचते. धुळीतून लवकर काढलं तर आजार तिथंच थांबतो, मागे मात्र फिरत नाही. खाली एक वाक्य होतं: या रोग्यांना पुष्कळदा दारुडे समजून कामावरून काढण्यात येतं. पंचाक्षरी, माझ्याच अक्षरात लिहिल्यासारखं ते वाक्य मला दिसलं.

मी ते मासिक मॅनेजरसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "सिद्रामप्पा, तुम्ही दगड तपासा. माणसं तपासायला डॉक्टर आहेत." मी खिडक्या उघडवल्या, एवढंच केलं. नोकरीच्या भीतीनं तुला लिहिलं नाही असं म्हटलं तर तू समजून घेशील, म्हणून ते कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस देत राहिलो. खरं कारण त्याहून हलकं आहे. पुण्याला एका खोलीत राहायचो तेव्हापासून तू माझा शब्द प्रमाण मानतोस. तो शब्द खोटा निघाला हे तुला कळू नये असं मला वाटत होतं. तुझा भाऊ रस्त्यावर होता आणि मी माझा मान सांभाळत होतो.

बारा दिवसांपूर्वी सात रस्त्यावर एका हॉटेलापुढे माणसं जमलेली दिसली. मध्ये चन्नवीर होता. त्याला चहा देऊन चालायला लावत होते. "हां, आता उलटा चाल की! उलटा चाल, भजी देतो!" तो उलटा चालायला गेला, पडला आणि हसला, आणि लोक पोट धरून हसले. त्यांच्यात तात्याबा होता, पण तो हसत नव्हता. तो चन्नवीरच्या पायांकडे बघत होता. मला बघून जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, माजीबी टाच टेकंना झालीया." चन्नवीरच्या जागी दळणावर साहेबांनी त्यालाच घातला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला दळणावरून काढून बाहेर वजनकाट्यावर बसवला. साहेबांना विचारलं नाही.

चन्नवीरला घरी आणला. बाहेरच्या सोप्यात झोपतो. जेवताना घास सांडतात, रत्नम्मा दिसलं नाही असं दाखवते. रोज सकाळी आंघोळ करून पूजेला बसतो. लिंग तळहातावर स्थिर राहत नाही, म्हणून रत्नम्मा त्याच्या हाताखाली आपला हात धरते. दारू त्यानं जन्मात चाखलेली नाही. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं, आणि असं सांगितलं जणू चूक त्याचीच होती. मी काय लिहून दिलं होतं तेही मी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम हसायला लागला. चेहरा तसाच, डोळे तसेच, नुसता आवाज. थांबल्यावर अगदी हळू म्हणाला, "सिद्रामण्णा, मी न्हाय हसत हो. ते हसतंय." मला क्षमा केली की नाही हे मला कळलं नाही. आता ते कधी कळेल असंही वाटत नाही.

परवा त्यानं विचारलं, अव्वा कशी हाय? मी म्हटलं, बरी आहे. मग म्हणाला, एकदा बघून येतो, दारातनंच. मी मोटारीनं रविवारी त्याला अकलूजला घेऊन येतो आहे. हे पत्र त्याच्या आधी पोचायला हवं, म्हणून आज लिहून टाकलं. मला दारात उभं केलं नाहीस तरी चालेल, तो तुझा हक्क आहे. पण चन्नवीर उंबऱ्यापाशी येईल, अव्वा समोर येतील, आणि पंचाक्षरी, त्या वेळी तो हसेल. त्याच्या मनात रडू असेल तरी तो हसेल, आणि जितकं आवरायला जाईल तितकं जास्त हसेल. ते हसू त्याचं नाही, एवढं अव्वांना तो यायच्या आधी ठाऊक असावं. तेवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच,
सिद्राम

(रोजनिशीत) उद्या: अकलूजच्या मोटारीत पुढच्या बाकावरच्या दोन जागा सांगून ठेवणे.