गावाने दिलेला नकार

गुरुजी, माझ्या वडिलांशी वाद घालायला तुम्ही आमच्या वस्तीवर आलात, ती दुपार माझ्या मनातून जात नाही. जाफराबादकडच्या आपल्या गावाला पाण्याची एकच टाकी मंजूर झाली होती. गावठाणात विहिरी होत्या, हातपंप होता. ओढ्यापलीकडं आमच्या वस्तीवर काही नव्हतं. वडील आमदाराकडं निघाले होते, जीप दारात उभी होती. तुम्ही बाजेवर बसलात आणि म्हणालात, "त्याच्या दारात कशाला उभा राहतोस? ग्रामसभेत ये. टाकी कुठं बांधायची ते गाव ठरवील." वडील चौथीपर्यंत तुमच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून तुम्ही त्यांना अरे-तुरे करायचात. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "गुरुजी, आमदार एक माणूस हाय. त्याला पटवलं की झालं. आख्ख्या गावाला कसं पटवू?" तुम्ही हसलात. "आमदारानं दिलं तर आयुष्यभर त्याचे उपकार. गावानं दिलं तर तो तुझा हक्क. निवडून दिलेल्या माणसाच्या मागं फिरायची सवयच मोडली पाहिजे आपण." मी बारावी झाले होते, मतदार यादीत नाव आलं होतं. मी तुमची बाजू घेतली. वडील माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी जीप परत पाठवली.

सभेत मीच बोलावं, असं तुम्ही ठरवलंत. चार दिवस शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही माझ्याकडून बोलून घेतलंत. आवाज चढवू नको, कुणाला दोष देऊ नको, फक्त बाया पाण्याला कुठून कुठं जातात ते सांग. झेंडावंदनानंतर मारुतीच्या पारासमोर सभा भरली. आमच्या वस्तीवरच्या बाया पहिल्यांदाच सभेला आल्या होत्या, मागं पदर ओढून बसल्या होत्या. मी बोलले. आईच्या डोक्यावरच्या हंड्याचं सांगितलं, बाळंतपणाला चार दिवस झाले नाहीत तोवर ओढा उतरणाऱ्या काकूचं सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, जिंकलं. मग सरपंच म्हणाले, टाकी वस्तीवर बांधावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. वस्तीचे हात वर झाले, आणि गावातून एकच हात, तुमचा. टाकी गावात बांधावी म्हटल्यावर मात्र सगळा पार हातांनी भरला. आईबरोबर सरकीच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांनी हात वर केले. दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसलेल्या मैत्रिणीनं केला, खाली बघत केला, पण केला. कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती, कुणी दारू पाजली नव्हती. सरपंच म्हणाले, "बराबर झालं. गावानं ठरवलं. आता तक्रारीचं काम न्हाई."

गुरुजी, तुमच्या लोकशाहीतलं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सरपंचानं नाही म्हटलं असतं तर त्याला शिव्या घातल्या असत्या, पुढच्या वेळी पाडला असता. गावानंच नाही म्हटल्यावर कुणाला पाडायचं? त्या दिवसापर्यंत आम्हाला वाटायचं, पुढारी आमच्या आणि गावाच्या मध्ये आडवे येतात. ते बाजूला झाले आणि पलीकडं गाव उभं दिसलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. चहा घेतलात. "पुढच्या सभेत पुन्हा मांडू. एकदा हरलो म्हणून काय झालं? लोकांना वेळ लागतो." माझी आई तुमच्यासमोर कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी कपबशी उचलताना म्हणाली, "तव्हर पाणी कुठनं आणू, गुरुजी?" तुम्ही उठलात. निघताना मला म्हणालात, निराश होऊ नको. तुमच्या घरच्या विहिरीला बारा महिने पाणी होतं. निराश न व्हायला तुम्हाला परवडत होतं.

निवडणूक आली तेव्हा वडील आमदाराकडं गेले. महिनाभरात बोअर झाला. नारळ फुटला, आमदारानं आईच्या हातानं हार घालून घेतला, फोटो काढला. वस्तीची सगळी मतं त्याला, असं ठरलं होतं आणि तसंच झालं. तुम्ही मला जाफराबादच्या एसटी स्टँडवर गाठलंत आणि चारचौघांत म्हणालात, "मतं विकली तुम्ही. अडाण्यानं विकली तर समजू शकतो. तू तरी अडवायला पाहिजे होतंस." मी परीक्षेचा अर्ज भरायला आले होते. लोक बघत होते. मी म्हटलं, "गुरुजी, पाणी आलंय आमच्याकडं." तुम्ही मान फिरवलीत आणि परतूरच्या गाडीत चढलात. त्यानंतर वस्तीवर तुम्ही पाऊल टाकलं नाही. आमच्याविरुद्ध हात वर करणाऱ्यांशी बोलणं तुम्ही सोडलं नव्हतंत. आमच्याशी सोडलंत. वर्षभरात तुमचं हृदय थांबलं. वडील खांदा द्यायला गेले, मी गेले नाही.

आता मी जालन्यात आहे. नवरा एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात, मी बालवाडीत. वस्तीचे लोक आजही ठरवून एकाच माणसाला मतं देतात. त्यातून रस्ता झाला, दिवे आले. दर वेळी कुणाच्या तरी पाया पडावं लागतं, दर वेळी हार घालावा लागतो. तुमचं तेवढं खरं निघालं, पण म्हणून मी तुम्हाला माफ करीन असं नाही. हे पत्र पाठवायला तुम्ही नाही आहात, आणि असतात तरी मी पाठवलं नसतं.

परवा माझ्या मुलीनं पुस्तकातला धडा पुढं करून विचारलं, "मम्मी, ग्रामसभा म्हणजे काय असतं?" मी पोळ्या लाटत होते. सांगितलं, तिथं कुणी कुणाला निवडून देत नाही, तिथं आपण स्वतःच आपले आमदार असतो. ती खूश झाली. म्हणाली, मग तर सगळ्यांचंच ऐकत असतील. मी हो म्हटलं.