हूक पाहिलास?

दादा,

तुझं प्लास्टर निघालं, काठी सुटली आणि लगेच तुझा निरोप आला : "रविवारी उडतोय. ग्लायडरचं नाक धरायला तूच ये. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

तेव्हापासून हे पत्र लिहितेय.

तू पडलास त्या सकाळी कड्यावर समोरून सणसणीत वारा होता. पाठीला पट्टे आवळून तू ग्लायडरच्या पंखाखाली उभा राहिलास, मी समोरून त्याचं पुढचं टोक, म्हणजे नाक, धरलं. पट्ट्यांचा हूक पंखाला अडकलाय का, ते नाक धरणाऱ्याने बघायचं, हा आपला नियम. तू विचारलंस, "हूक पाहिलास?" मी म्हणाले, "पाहिला."

खरंच पाहिला होता. तुझ्या पाठीमागे तो मोकळा लोंबत होता.

आदल्या दिवशी सगळ्यांदेखत तू मला घाबरट म्हणालास, ते मनात खदखदत होतं. वाटलं, दोन पावलं धावू दे, मग ओरडते. जरा होऊ दे याची फजिती! पण वाऱ्याने पहिल्याच पावलाला पंख उचलला आणि तू नुसत्या हातांनी दांडीला लटकत कड्याबाहेर गेलास. तसाच पंख वळवून उतारावरच्या झुडपांत आदळलास, म्हणून वाचलास.

दवाखान्यात शुद्धीवर येताच म्हणालास, "तिला कुणी बोलू नका. मीच घाईत विसरलो."

हे पत्र तुला द्यायची माझ्यात हिंमत नाही. पण रविवारी येते. हूक तीनदा ओढून बघेन. मग तू विचारशील, आणि मी म्हणेन, "आज पाहिला. त्या दिवशीही पाहिला होता."

तुझी,
घाबरट