बिनताडीचा पाव

आये, आज मी भाजलेल्या पावाचे टोस्ट गोऱ्या साहेबांनी दोनदा मागून खाल्ले. लसणाचे टोस्ट, तू करायचीस तसे. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुला सांगावं असं काही आजवर माझ्याकडं नव्हतं. चौथीतून पळालेला माणूस मी, अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी आता आखातात असतो. चहूकडं वाळू, मध्ये पत्र्याच्या खोल्यांचा कॅम्प, तेलाची पाइपलाइन टाकायचं काम चाललंय. त्या सगळ्यांना जेवू घालणाऱ्या भटारखान्यात मी सगळ्यात खालचा मदतनीस. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत होतो.

काय झालं ते आधी सांगतो. या देशात दारूला बंदी आहे. तरी कॅम्पातल्या कुणीतरी कोठारातलं यीस्ट, म्हणजे पाव फुगवायची पूड, चोरून साखरेच्या पाण्यात घातलं आणि कॅनमध्ये दारू लावली. पकडली गेली. मॅनेजरनं होतं नव्हतं ते सगळं यीस्ट उचलून नेलं आणि पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं. साहेबांचा पाव शहरातून ट्रकनं मागवायचा आणि भटारखान्यातला एक माणूस घरी पाठवायचा, असं ठरत होतं. तो एक कोण हे कुणी बोललं नाही, पण सगळे माझ्याकडं बघायचं टाळत होते. आमचा हेड कुक केरळचा, माणूस चांगला. त्याला मी म्हटलं, 'आठ दिन दो, मैं बिना यीस्ट का पाव फुलाता हूँ.' तो हसला. 'किससे फुलाएगा? दारू से?' मी म्हटलं, 'दारू से नहीं. वही तो बात है.'

तीच तर गोष्ट होती, आये. पावसाळ्यात भाताची लावणी आणि बाकीचं वर्ष तू भिवपुरीला, वीजघराच्या कॉलनीत साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायला, वाटण वाटायला जायचीस. तिथल्या बाई पावाच्या कापांना लोणी-लसूण चोपडून भाजायच्या, आणि तो लसूण वाटायचीस तू. वास तुझ्या हातांना लागून घरी यायचा. मी तुझी बोटं हुंगत पाव पाव करत बसायचो. बाजारातून एक लादी आणली असतीस तरी भागलं असतं. पण कर्जतला एका बेकरीच्या मागच्या दाराशी तू ताडीचं मडकं उतरताना पाहिलं होतंस. ताडी घालून पीठ फुगवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तुला वाटायचं. धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी दारूला शिवणार नाही असं तू चारचौघांत बोलली होतीस, आणि बाची ताडीही तुझ्याच धाकानं सुटली होती. शेजारची आत्या म्हणायची, 'अगं, पावातली ताडी काय चढती का? भाजताना उडून जाती.' तू म्हणायचीस, 'उडून जाती तर घालतात कशाला? माज्या उंबऱ्याच्या आत नाय यायची.'

आणि मग तू स्वतःच पाव करायला बसलीस. आंबोळीचं पीठ आंबतं तर गव्हाचं का नाय आंबायचं, एवढाच तुझा विचार. रेशनच्या तांबूस गव्हाचं पीठ, पाणी, वरून फडकं, आणि डबा चुलीपासून हातभर अंतरावर गोधडीत गुंडाळलेला. जर्मनच्या टोपात वाळू, वाळूवर ताट, ताटात पीठ, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पहिला पाव निघाला तो वरवंट्यासारखा. आत्यानं तो बोटानं वाजवून बघितला. 'साहेबाकडं राबून साहेबीण झालीस गं तू. ह्यो खायचा का याच्यानं दार अडवायचं?' तू हसलीस, पण पाव टाकला नाहीस. दुसरा, तिसरा करत राहिलीस. फुगायला लागला तरी कडक आणि आंबट लागायचा, म्हणून त्याचे जाड काप केलेस, लसूण मिठासंगं पाट्यावर रगडलास, गोड्या तेलात कालवून कापांना चोळलास आणि तव्यावर दाबून दाबून भाजलास. आंबटाला लसूण भेटला आणि दोघंही वेगळेच झाले. आत्यानं तीन काप खाल्ले. चौथा घेताना म्हणाली, 'पोरासाठी नेते.' तिचं पोर तेव्हा आजोळी होतं.

त्या पिठातला लिंबाएवढा गोळा तू दर वेळी काढून ठेवायचीस, पुढच्या पावासाठी. एकदा तू शेतावर असताना मी आणि दोन पोरांनी डब्यातलं सगळं पीठ, गोळ्यासकट, तेलात तळून वडे म्हणून खाल्लं. तू आलीस, डबा बघितलास. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू चिखलाचे पाय तसेच ठेवून दारात बसलीस. 'आख्खा खपवलास? तो आजचा नव्हता रं, उद्याचा व्हता.' एवढंच म्हणालीस. मग पाय धुतलेस आणि डबा माझ्या हातात दिलास. 'आता तूच लाव. रोज अर्धं काढायचं, मूठभर पीठ घालायचं, पाणी घालायचं. पैले दोन दिवस घाण वास मारंल, त्याला भ्यायचं नाय. आंबूस गोड वास येईस्तोवर हलायचं नाय घरातून.' सहा दिवस मी हललो नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं तूच सगळ्यांना सांगायचीस, पण ते सहा दिवस मी त्या डब्याशी बांधलेला होतो. शाळेनं चार वर्षांत जे शिकवलं नाही ते तू त्या सहा दिवसांत शिकवलंस, हे मला तेव्हा कुठं कळायला.

तू गेलीस तेव्हाही डब्यात गोळा होता. घर माणसांनी भरलेलं, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. मी झाकण काढलं तोवर काळा पडला होता. नवा लावता आला असता मला, लावला नाही. मग रसायनीला कारखान्यात पोती उचलली, खालापूरला टेंपोवर क्लीनर राहिलो, हायवेवरच्या हॉटेलात कांदे चिरले. वर्षभर एका जागी काही टिकलो नाही. फिरत फिरत इथवर आलो.

तर त्या आठ दिवसांत मी बारा वर्षांनी पुन्हा डबा लावला. तुझ्याकडं थंडीत गोधडी लागायची, इथं उलटं, उन्हानं पीठ सडायचं भय. म्हणून डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या पिंपाच्या सावलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी वास आला तेव्हा हेड कुक नाक दाबून म्हणाला, 'फेंक दे यार, मर गया ये.' मी म्हटलं, 'डरने का नहीं.' पाचव्या दिवशी बुडबुडे आले. सातव्या दिवशी पाव भट्टीत गेला आणि आये, तो फुगला. वरचं कवच तडकलेलं, आत जाळी. पण हेड कुकनं तुकडा मोडून तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा पडला. 'खट्टा है. साहेब लोग वापस भेजेगा.' तेव्हा मला आत्याचे तीन काप आठवले. मी लसूण सोलायला घेतला. इथं पाटा नाही, बाटलीनं ठेचला. लोण्याचा डबा फोडला, जाड काप केले, तव्यावर दाबून दाबून भाजले. ताटं रिकामी परत आली आणि पुन्हा भरून गेली. मॅनेजर स्वतः आत आला. ट्रकचा पाव नको म्हणाला, आणि पाव यापुढं माझ्याकडं. त्यानंतर आजवर रोज मीच भाजतो, माझ्या हाताखाली एक माणूस दिलाय. यात यीस्ट नाही, दारू नाही, हे मॅनेजर आता आल्यागेल्याला सांगत असतो. जे तू उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीस, ते इथंही आत आलेलं नाही.

पाव मळून झाला की मी लिंबाएवढा गोळा काढून ठेवतो. हेड कुकनं विचारलं, 'ये रोज क्यों बचाता है?' म्हटलं, 'ये आज का नहीं, कल का है. मेरी माँ ऐसे ही रखती थी.' त्यानं मान हलवली, आणि आता तोच संध्याकाळी गोणपाट ओलं करतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कागद पिठाच्या पिंपामागं राहतील. तुला वाचताही येत नव्हतं. म्हणून तुला खरं सांगायला धीर होतोय. त्या पहिल्या दिवशी मॅनेजरनं विचारलं होतं, हे कुठं शिकलास. माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस, दारात बसलेली, पायाला चिखल. भाताची लावणी करणाऱ्या बाईनं पाव शिकवला म्हटलं तर तो हसेल असं वाटलं, आणि मी पटकन म्हणालो, मुंबईच्या एका बेकरीत. नंतर दोनदा सांगायला गेलो, दोनदा तोंड उघडलं नाही. त्याच्या लेखी मी अजून त्या बेकरीतच शिकलेला आहे, आये, आणि असलीच तर ती बेकरी ताडीचीच असणार.