निरोगी नमुना क्रमांक चार

६ जानेवारी १९९७
नवी वही. संकल्प: फक्त वस्तुस्थिती लिहायची. भावना नाहीत. मार्चअखेर प्रयोग संपवणार.
काम थोडक्यात: तोंडाचा कॅन्सर मानेच्या गाठींत पसरतो तेव्हा एक एन्झाइम त्याला वाट कापून देतं. त्या एन्झाइमचं जीन किती चालू आहे ते मोजायचं. रुग्णांचे नमुने बारा. तुलनेला निरोगी तीनच. चौथा मिळत नाही. निरोगी माणूस हिरडी कापून देत नाही.

११ जानेवारी
मुळगावला घरी. आईची दाढ हलत होती, डिचोलीच्या डेंटिस्टने काढली. सोबत आलेला हिरडीचा तुकडा मी मागून घेतला. चौथा निरोगी. नमुना गोठवून न्यायचा, धूर सोडणारा थर्मास बघून आई म्हणाली, दात काढला तो काढला, आता मासही न्हेतंस? शिजवतंस काय गो?
फॉर्म भरला. तंबाखू ओढते? नाही. खाते? नाही. मशेरी लावते, पण ते दात घासणं. त्याला रकाना नाही.

३० जानेवारी
निकाल. जीन जितकं चालू, तितका जेलवरचा पट्टा ठळक. एक ते तीन: पट्टा जेमतेम. चार: ठळक. बऱ्याच रुग्णांपेक्षा ठळक. टेक्निशियन योगेशने विचारलं, हा कोण, मॅडम? निरोगी, म्हटलं. म्हणाला, भलताच निरोगी दिसतो.
नळ्यांची अदलाबदल झाली असणार. योगेशकडूनच.

१२ फेब्रुवारी
सगळं एकटीने पुन्हा केलं. पट्टा तसाच. जीन शोधून देणारे प्रायमर जुने. नवे मागवले. नवे आले की सुटेल.

२३ फेब्रुवारी, रविवार
घरी. दाढेची जागा सहा आठवडे भरलेली नाही. खाणीच्या ट्रकांची धूळ. इथे कुठलीच जखम लवकर भरत नाही. शिवाय हिरडी नुसती सुजली तरी हे एन्झाइम वाढतं. पेपर आहेत.
शेजारच्या जानकीकाकीने विचारलं, तू दाकतरीण मगो? पीएचडी करतेय, म्हटलं. म्हणाली, म्हणजे दुखण्याची न्हय. आई हसली. अर्ध्याच तोंडाने.

१४ मार्च
नवे प्रायमर. तोच पट्टा. सर म्हणाले, या माणसाला बोलावून घे. बाहेरगावी असतो, म्हटलं. चार नंबर वगळू या, असं मीच सुचवलं. एखादा आकडा फटकून असला तर वगळतात. मान्य पद्धत आहे.
दमले आहे. ही भावना नाही, नोंद आहे.

२९ मार्च
आईच्या जबड्याखाली गाठ. दोन सेंटिमीटर, टणक, हलत नाही.
आई म्हणाली, डेंटिस्टाने तेव्हाच सांगितलं होतं, मास तपासून घ्या. मी त्याला म्हटलं, माझ्या चेडवानं न्हेलंय मरे तपासूक. तू मागीर काय बोललंस नाय, म्हणजे बरंच असतलं.
मी म्हटलं, रिपोर्ट यायचा आहे.

२ एप्रिल
आईला मोठ्या इस्पितळात दाखल केलं. केसपेपर इंटर्नने भरला. माहिती मी दिली. तंबाखू: मशेरी, चाळीस वर्षं, दिवसातून दोनदा. त्रास कधीपासून? आधी मार्च म्हटलं. मग फेब्रुवारी. मग अकरा जानेवारी.
माहिती देणारी व्यक्ती: मुलगी.
खालचा रकाना: माहिती विश्वासार्ह आहे का?
त्याने 'नाही' लिहिलं. सहीसाठी कागद माझ्याकडे फिरवला. सही केली.