आत्याने मिसळलेला मैदा

आत्या,

बाबांच्या मधुमेहासाठी मी भाजते तो बदामाच्या पिठाचा पाव फार तर दोन बोटं फुगतो. काल तू भाजलेला चांगला चार बोटं फुगला होता. डब्यातलं चिमूटभर पीठ मी पाण्यात मळून पाहिलं, तर गोळा रबरासारखा ताणला गेला. बदामाचं पीठ तसं ताणलं जात नाही. त्यात मैदा आहे.

मी रागावले नाहीये. "तुझी ही वीट कुठल्या भट्टीतली गं?" असं रोज विचारणाऱ्या बाबांनी काल दवाखान्यात दोन तुकडे खाऊन तिसरा मागितला. म्हणाले, "आत्ता कुठे पावाला पाव म्हणावंसं वाटतंय."

तुझ्या मैद्यानं साखर वाढली आणि पाय आणखी चिघळला, असं मनात आणू नकोस. पायाचा रक्तपुरवठा आधीच बंद झाला होता. रिपोर्टमध्ये मला ते दिसत होतं, तरी पाव जमला की पायही वाचेल असं धरून मी पीठ मोजत बसले.

आता बाबांना घरी आणायला जातेय. त्यांचा पलंग खिडकीजवळ सरकवून ठेव. आणि मैद्याचाच पाव भाज, पण या वेळी चोरून नको.

पाय गुडघ्यातून कापायचा का, असं डॉक्टर कधीचे विचारत होते. भूल हृदयाला झेपेल याची खात्री मात्र देत नव्हते. बाबा नको म्हणायचे आणि मी उत्तर टाळायचे. काल बाबांचा हात धरून डॉक्टरांना सांगून टाकलं, "कापायचा नाही. आम्ही त्यांना घरी नेतो."