वाघोबाकडे पाठ

वाशिंद, मंगळवार, जानेवारी १९६३

कामगार वसाहतीचा नकाशा आखताना मी जुनी देवराई तोडू दिली नाही, तिचीच बाग केली. मग बागेतली बाकं रिकामी का? आज संध्याकाळी बायका बाकांसमोर जमिनीवर बसल्या होत्या, तोंडं झाडांकडे करून. रोपांना पाणी घालणाऱ्या सखूबाईंना विचारलं.

"बाकावर बसलं की वाघोबाकडं पाठ व्हते, साहेब. आमी त्याला पाठ दावत नाय."

झाडांत वाघोबाचा शेंदरी दगड आहे. बाकं मी घरांकडे तोंड करून बसवली, खेळणारी मुलं आयांना दिसावीत म्हणून.

"पण वाघ कुठे राहिलाय आता?"

"वाघ नाय राहिला. बघनारा हाय."

मी हट्टाने बाकावर बसलो. मागे पाचोळा वाजला आणि अगदी जवळ येऊन थांबला. मुंगूस असेल. मग रस्त्यापर्यंत मी उलट्या पावलांनी का आलो?

माझी खिडकी देवराईकडे उघडते. रोज तिच्याकडे पाठ करून लिहितो, आज टेबल फिरवून घेतलं. समोर झाडं काळी पडत चालली आहेत. बाकावर कुणीतरी बसलंय. मी आखलं होतं तसंच, घरांकडे तोंड करून.